खैरलांजीचा मुक्काम

सेवानिवृत्तीच्या दिवशी माणसाच्या हाती दोन गोष्टी एकदम येतात. एक, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. दुसरी, मोकळा वेळ. पहिलीचा विनियोग कसा करावा हे सांगणारे शेजारी, जावई आणि विमा-प्रतिनिधी पुष्कळ असतात. दुसरीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आपल्यापैकी बहुतेक निवृत्त दांपत्ये यावर एक ठरलेली तोड काढतात आणि एखाद्या यात्रा-कंपनीच्या सहलीत नाव नोंदवितात. अकरा दिवसांत नऊ गावे पाहून होतात, पहाटे पाचला चहा मिळतो, देवदर्शनाची रांग चुकते आणि परत आल्यावर छायाचित्रे दाखविता येतात. अशा सहलींची मी निंदा करीत नाही. गुडघे दुखू लागलेल्या माणसाला त्या मोठाच आधार आहेत. परंतु परतलेल्या एका स्नेह्यांना मी सहज विचारले, "तिकडे कोणी भेटले का?" ते म्हणाले, "भेटले ना! आमच्याच डब्यात पुण्याचे एक कुटुंब होते, फार चांगली माणसे." हजार कोस जाऊन आले, आणि ओळख झाली ती शेजारच्या बाकावरील मंडळींची.

आपल्या पूर्वजांच्या यात्रा अशा नव्हत्या. त्यांना मुक्काम करावा लागे. नदीला पूर आला तर पंधरा दिवस अलीकडच्या काठावर, सोबती आजारी पडला तर महिनाभर धर्मशाळेत. त्या सक्तीच्या मुक्कामांतूनच त्यांना देश कळत गेला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने मथुरेच्या यज्ञाकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्यात अडकले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'माझा प्रवास' आजही आवडीने वाचला जातो. त्याचे कारण असे की, भटजींनी केवळ स्थळे पाहिली नाहीत. ते लोकांच्या घरी राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले आणि त्यांच्याबरोबर भ्यालेही. आज आपल्यावर तशी सक्ती नाही, हे भाग्यच. पण नोकरीत असताना नसलेली एक गोष्ट निवृत्त माणसाजवळ असते : तो स्वखुशीने मुक्काम करू शकतो. गेल्या खेपेस आम्ही उभयतांनी ते करून पाहिले. दिवाळी घरी साजरी करून बारा दिवसांसाठी बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी येथे जाऊन राहिलो.

"खैरलांजीत पाहण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न निघण्यापूर्वी आम्हांला निदान दहा जणांनी विचारला. प्रामाणिक उत्तर असे की, पर्यटकाने वाट वाकडी करून जावे असे तेथे काही नाही. ते मध्य प्रदेशातील एक तहसिलीचे गाव आहे. वैनगंगेच्या पश्चिम अंगाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला हा धानाचा मुलूख. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आग्नेयेस लांजी नावाची वेगळी तहसील आहे. तेथे जुना किल्ला आहे. चौकशी करताना नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून हे सांगितले. आम्ही खैरलांजी निवडली याचे कारण एवढेच की, कचेरीतील माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर तेथे आपल्या शेतावर परतले आहेत आणि गेली चार वर्षे ते "या जी एकदा" म्हणून निरोप पाठवीत होते.

आम्ही जबलपूरकर. आमच्या तीन पिढ्या नर्मदेच्या पाण्यावर वाढल्या. लहानपणी गोंदियाकडे जायचे म्हणजे सातपुड्यातून डुलत जाणारी छोटी गाडी. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेल्या त्या अरुंदमापी मार्गावर प्रवासाला दिवस लागे. समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, म्हणून गप्पा होणे अटळच असे. जबलपूरच्या बाजूची ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि काही वर्षांनी तेथे रुंद रूळ पडले. आता नैनपूरवरून बालाघाटास बरेच लवकर पोहोचता येते. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद झाली आहे, तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना ते ध्यानात ठेवावे. बालाघाटहून कटंगीकडे जाणाऱ्या फाट्यावर वारासिवनी लागते. हे विणकरांचे गाव असून येथील हातमागाच्या साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथून पुढे खासगी बस. दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली धानाची शेते आणि बसमध्ये चार भाषांचा कलकलाट, असा शेवटचा टप्पा.

या भाषांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला या भागात जो प्रवेश मिळतो तो भाषेच्या दाराने. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ साली खालसा झाले. पुढे १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे काही भाग तोडून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. १९५६ पर्यंत मध्य प्रांताचे कारभाराचे गाव नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. कागदावर एक रेघ ओढली गेली. पण सोयरिकी रेघ पाहून होत नसतात. आजही येथल्या लेकी तुमसर-तिरोड्याकडे दिलेल्या असतात आणि तिकडच्या इकडे येतात. शाळा हिंदीतून, सरकारी कागद हिंदीतून, घरात पोवारी, आणि नदीपलीकडच्या पाहुण्यांशी मराठी, असा हा व्यवहार चालतो.

पोवारी ही वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या पोवारांची बोली. आपले पूर्वज माळव्यातील धारहून आले अशी त्यांची परंपरा सांगते. 'मोरो', 'तोरो' हे शब्द ऐकले की कान हिंदी पट्ट्याकडे वळतात. 'आहे'ऐवजी 'से' ऐकले की गुजरातेची आठवण होते. आणि पुढच्याच वाक्यात चक्क घरचा मराठी शब्द येऊन बसतो. पहिल्या दिवशी मी शुद्ध मराठीत बोललो तेव्हा मंडळी अदबीने हिंदीत उत्तरे देत होती. संध्याकाळी माझ्या पत्नीने भाजीकडे पाहून "शेवगा छान आहे" म्हटले. घरातली म्हातारी हसून म्हणाली, "याले मुनगा म्हणतेत, माय." मग दोघींनी अर्धा तास एकेका भाजीची दोन दोन नावे मोजली. त्या अर्ध्या तासाने जे साधले ते माझ्या दिवसभराच्या संभाषणाने साधले नव्हते. परभाषा येत नसेल तर प्रवासी संकोचतो, हे सर्वांना माहीत आहे. परंतु जवळची भाषा अर्धीमुर्धी येत असेल तर दोन्ही बाजूंना शिकवायला आणि शिकायला काहीतरी असते, आणि ओळखीला त्याहून चांगला आरंभ नाही.

गावात फिरताना सर्वांत अधिक वेळा कानी पडलेला प्रश्न म्हणजे, "कोण गाव जी?" मी सांगत असे, "जबलपूर." समोरचा मान हलवी, क्षणभर थांबे आणि पुन्हा विचारी, "ते झाले जी. गाव कोण?" त्यांच्या लेखी जबलपूर हा पत्ता झाला, गाव नव्हे. गाव म्हणजे जेथे तुमची माणसे पुरली-जाळली गेली, जेथल्या देवाला तुमच्या घरचा नारळ जातो, ते. आपणां बाहेरच्या मराठी मंडळींना हा प्रश्न अवघड जातो. मूळ गाव कोकणात, तेथे कुलदैवताच्या निमित्ताने वीस वर्षांतून एकदा जाणे होते, घराचा चौथरादेखील राहिलेला नाही. आणि ज्या शहरात तीन पिढ्या गेल्या ते शहर आपल्याला अजून 'बाहेरून आलेले' म्हणते. मी हे सारे एका वृद्ध शेतकऱ्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "आम्ही तं धारहून आलो म्हणतेत. पाहिले कोणी धार?" शेकडो वर्षे एका ठिकाणी नांगर धरूनही हे लोक आपल्या येण्याची आठवण जपतात. जबलपूर, इंदूर वा बडोद्याच्या मराठी घराचे तरी याहून वेगळे काय आहे? त्या दिवसापासून मला तो प्रश्न बोचेनासा झाला.

आता शेताविषयी. निवृत्त माणसाची एक सवय सहजासहजी सुटत नाही. छत्तीस वर्षे लोक त्याला विचारीत आले आणि तो सांगत आला. गावात गेल्यावर त्याला खुर्ची देतात, सभोवार माणसे खाली बसतात आणि तो शेतीसुधारणा, शिक्षण, स्वच्छता यांवर बोलू लागतो. संभाषण तेथेच संपते. म्हणून पहिल्याच दिवशी मी यजमानांच्या मुलाला खुर्ची आत ठेवावयास सांगितले आणि छपरीतल्या खाटेवर इतरांबरोबर बसलो. दुसऱ्या दिवसापासून विचारण्याचे काम माझ्याकडे आणि सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले.

धानाच्या शेतीत विचारण्याजोगे केवढे तरी आहे! बांध घालून केलेला शेताचा तुकडा म्हणजे 'बांधी'. पावसाळ्यात 'पऱ्हे' उपटून चिखलात लावायचे, ती 'रोवणी'. कापलेला धान वाळण्यासाठी बांधीतच आडवा पसरतात, त्या 'कडपा'. वाळल्यावर रचून ठेवतात, तो 'पुंजणा'. कडपा जमिनीवर असताना अवेळी पाऊस आला की वर्षाची कमाई भिजते. म्हणून त्या दिवसांत म्हातारी माणसे बोलता बोलता आभाळाकडे पाहत असतात. आम्ही गेलो तेव्हा हलका धान निघाला होता आणि उशिरा येणारा भारी धान उभा होता. उभ्या धानाच्या ओलीतच लाखोळी फेकून दिलेली. धान कापेपर्यंत ती उगवून आलेली असते आणि वेगळी नांगरट न करता दुसरे पीक पदरात पडते. या जिल्ह्याचा सुवासिक चिन्नोर तांदूळ प्रसिद्ध आहे. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या यजमानांकडे एका लहानशा बांधीत चिन्नोर होता. तो वाऱ्यावर हलला की बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही वास येतो, ही गोष्ट मला कोणत्याही सहलीच्या माहितीपत्रकाने सांगितली नव्हती.

एका सकाळी आम्ही जुन्या तलावाच्या पाळीवर बसलो होतो. पूर्व विदर्भात आणि या बाजूला असे तलाव अनेक आहेत. मालगुजारांच्या काळात बांधलेले हे तलाव पलीकडच्या भंडारा-गोंदियात 'मामा तलाव' या नावाने ओळखले जातात. 'माजी मालगुजारी' याचे ते गमतीदार संक्षिप्त रूप. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. पाळीवर बसलेल्या तिघा वृद्धांत यावरून वाद जुंपला. एक म्हणाला, मालगुजाराच्या काळी गाळ वेळेवर निघत असे. दुसरा म्हणाला, गाळ निघे खरा, पण तो काढणाऱ्याला मजुरी कोण देत असे? तिसरा दोघांकडे पाहून हसत राहिला. कचेरीत मी महसुली कागदांवर 'जलस्रोत' हा शब्द किती वेळा लिहिला असेन याचा हिशेब नाही. पण एका तलावाच्या पाण्याला मालकाची आणि मजुराची अशा दोन आठवणी असतात, हे त्या पाळीवर ऐकले.

सौ.चा अनुभव माझ्याहून वेगळा, आणि माझ्या मते अधिक सखोल होता. पुरुषांना पुरुषांशी ओळख करून घेण्यास विषय लागतो. बायकांना हाताला काम पुरते. तिने सूप घेतले आणि ती धान पाखडणाऱ्या बायकांत जाऊन बसली. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, हे मी घरून वाचून गेलो होतो आणि त्याचे मला कौतुक होते. त्या आकड्यामागची हकीकत सौ.ने आणली. रोवणी बायकाच करतात, कापणीला त्याच पुढे असतात. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा नागपूरकडे कामाला गेलेला असतो. घरी दोन म्हातारी माणसे, दोन लहान मुले आणि एक बाई, अशी कितीतरी घरे. "तुमची सून तुमच्याजवळ राहते का?" हा प्रश्न तिला तेथे विचारण्यात आला. आमचा मुलगा परदेशी आहे हे ऐकून एक बाई म्हणाली, "म्हणजे तुमच्याही घरी कोणी नाही!" त्या उद्गारात कीव नव्हती, आपल्यासारखेच कोणी भेटले याचे समाधान होते. शहरात आम्ही मुलाचे परदेशी असणे अभिमानाने सांगतो. त्यामागचे रिकामे घर त्या बाईने एका वाक्यात ओळखले.

दिवाळीनंतर या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून एकेका गावी मंडई भरते. गोवारी मंडळी ढाल घेऊन, वाजतगाजत, कवड्यांनी सजून नाचत येतात. माहेरवाशिणी येतात, पोरांना खेळणी मिळतात, रात्री नाटक वा दंडार असते. रामपायलीचे राममंदिर चंदन नदीच्या काठी आहे. तेथे कार्तिक पौर्णिमेस जत्रा भरते. एवढे रंगीत दृश्य पाहिल्यावर प्रवाशाचा हात सहजच खिशातील फोनकडे जातो. मी तो आवरला, कारण आदल्या दिवशी त्याच नाचणाऱ्यांपैकी एका वयस्क गोवाऱ्याजवळ बसलो होतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर निघालेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. तो तेव्हा तरुण होता. पलीकडच्या गावातील त्याच्या नात्यातले लोक त्या मोर्चात गेले होते. "ढाल धरली का त्याइची याद येते," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ढाल उंच झाली तेव्हा मला ती शोभेची वस्तू वाटली नाही. नाच संपल्यावर त्याने स्वतःच हाक मारली, "फोटो नाही काढत का जी?" मग काढला.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. ती टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. खैरलांजी हे नाव उच्चारताच मराठी माणूस दचकतो. वैनगंगेच्या खोऱ्यातच, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात याच नावाचे दुसरे गाव आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातीलच जमावाने हत्या केली. २००८ साली न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. आम्ही जेथे राहिलो ती खैरलांजी वेगळी. तिचा त्या घटनेशी संबंध नाही. आमच्या आप्तांना मी हेच सांगत असे आणि ते सुटकेचा निःश्वास टाकीत. परंतु त्या निःश्वासात एक लबाडी आहे असे मला पुढे पुढे वाटू लागले. कोणत्याही गावात पाहुण्याला जे पहिले दार उघडते ते त्याच्या बरोबरीच्या माणसाचे असते. तेथे त्याला पाट मिळतो, ताट मिळते, गावची थोरवी ऐकावयास मिळते. तो आठ दिवसांनी "किती प्रेमळ माणसे!" म्हणत परततो, आणि त्याचे म्हणणे खोटेही नसते. मात्र त्याने गाव पाहिलेले नसते. गावाची एक ओसरी पाहिलेली असते.

म्हणून मी यजमानांना आरंभीच म्हटले होते, "मला सगळे टोले पाहायचे आहेत." टोला म्हणजे आपण ज्याला वाडी किंवा वस्ती म्हणू ते. ते म्हणाले, "चला जी, त्यात काय?" आणि एका दुपारी आम्ही बौद्ध वस्तीत गेलो. तेथे ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ भेटले. मी त्यांच्याजवळ १९५६ सालाचा विषय काढला. मुख्य गावात हे साल मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले होते : त्या वर्षी सीमा पडली, नागपूर तुटले, कोर्टकचेरी दूर गेली. या गृहस्थांनी साल ऐकताच हात जोडले. त्यांच्या वडिलांनी त्या वर्षी शिदोरी बांधून नागपूर गाठले होते आणि १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांच्या हस्ते झालेल्या धम्मदीक्षेच्या समारंभात ते लाखोंपैकी एक होते. त्याआधी दोन वर्षे, १९५४ साली, बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तीही आठवण त्या घरात जिवंत होती. अठरा दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना, आणि एकाच गावात त्या सालाचे दोन अर्थ. कोणी काही गमावल्याचे सांगतो, कोणी मिळविल्याचे. मी केवळ यजमानांच्या छपरीत बसून राहिलो असतो तर अर्धाच इतिहास घेऊन घरी परतलो असतो. उठताना त्यांच्या सुनेने चहा आणि फोडणीचा भात पुढे केला. आम्ही तिघेही जेवलो. यजमान त्या घरी प्रथमच जेवले की नाही हे मी विचारले नाही. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते, एवढे मात्र सांगतो.

ज्यांना असा मुक्काम करावा असे वाटेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. त्यापुढे ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात सारे गाव चिखलात उभे असते, कोणाला पाहुण्याकडे पाहण्यास फुरसत नसते. मुक्काम आठ दिवसांहून कमी नसावा. पहिले तीन दिवस गाव तुम्हांला पाहत असते. चौथ्या दिवशी कोठे ते बोलू लागते. आपली औषधे, अंथरूण-पांघरूण आणि पाण्याची बाटली बरोबर असावी, म्हणजे घरच्यांची धावपळ वाचते. घरगुती पाहुणचारात पैसे पुढे करणे अपमानाचे ठरते. त्याऐवजी आल्या दिवशी किराणा भरून द्यावा, किंवा घरात उपयोगी पडेल असे काही न्यावे. मुलांना उठसूट गोळ्या-बिस्किटे वाटू नयेत. दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्या हाताकडे पाहू लागतात. ओळखीचे कोणीच नसेल तर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात आता खेड्यांतील घरगुती निवासाच्या सोयी झाल्या आहेत. ओरछाजवळील लाडपुरा खास, छिंदवाडा जिल्ह्यातील साबरवाणी ही त्यांपैकी नावाजलेली गावे. तेथे पैसे देऊन राहता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त तेथेही खुर्ची सोडून खाटेवर बसावे.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण लोकांच्या घरी जाऊन आलो, एवढ्याने ओळख पुरी होत नाही. ते आपल्या घरी येऊ शकतात की नाही, यावर ती ठरते. १९५६ नंतर खैरलांजीच्या माणसाचे उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले. जमिनीचा दावा असला की त्याला सातपुडा ओलांडून आमच्या शहरात यावे लागते. येथे त्याच्या ओळखीचे कोणी नसते. तो स्टेशनवर रात्र काढतो, वकिलाच्या दाराशी दिवसभर थांबतो आणि तारीख पडली की परततो. मोठ्या दुखण्यासाठी तो नागपूरला जातो, आणि तेथेही रुग्णालयाच्या आवारात सतरंजी पसरतो. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण जबलपूर, नागपूर, रायपूर, भोपाळ या शहरांत दोघेच्या दोघे चार खोल्यांच्या घरात राहतात. मुलांच्या खोल्या बंद असतात. निवृत्त माणसाला न्यायालयाची इमारत ठाऊक असते, अर्ज कोठे द्यायचा हे ठाऊक असते, रुग्णालयात कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे हेही ठाऊक असते. छत्तीस वर्षे ज्या ज्ञानाचा पगार घेतला ते ज्ञान आता कोणी मागत नाही, ही निवृत्त माणसाची खरी खंत असते. ते ज्याला हवे आहे असा माणूस बसमधून उतरून आपल्याच शहरात पत्ता शोधत हिंडत असतो.

निघताना मी आमचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तीन घरी दिला : यजमानांकडे, तलावाच्या पाळीवरच्या त्या हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे, आणि बौद्ध वस्तीतील त्या गृहस्थांकडे. माघ महिन्यात त्यांचा नातू कॉलेजच्या कागदांसाठी जबलपूरला आला आणि दोन रात्री आमच्याकडे राहिला. येताना त्याने लाखोळीची डाळ आणि मोहाची वाळलेली फुले आणली होती. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते, हे मी त्याला नकाशावर दाखविले. त्याने विचारले, "मग नाशिकचे पाणी आणि आमचे पाणी एकच का, आजोबा?" मी म्हटले, "शेवटी शेवटी एकच." सध्या मुलाची बंद असलेली खोली आम्ही झाडून-पुसून ठेवतो. वैशाखात यजमानांच्या दाव्याची तारीख आहे.